जिवाणूंच्या रंगानं वैद्यकीय कापड कसं रंगवायचं: पहिल्या प्लेटपासून शेवटच्या चाचणीपर्यंत

जिवाणूंच्या जांभळ्या किंवा लालभडक वसाहतींनी भरलेली प्लेट (त्यांना वाढवायची चपटी बशी) हातात आली की मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न हाच पडतो: हा रंग कापडावर चढेल का? चढतो. रेशमाचा तुकडा तर एका दुपारी रंगून होतो. यातले काही रंग स्वतःच जिवाणूंची वाढ रोखतात, त्यामुळे रुग्णालयातल्या कापडाचा विचार आपसूकच पुढे येतो. पण अनेक प्रोजेक्ट रंगलेल्या कापडाचा फोटो आणि झोन, म्हणजे कापडाभोवती जिवाणू न वाढलेली मोकळी जागा, दाखवणारी एक प्लेट एवढ्यावरच थांबतात. रंग चढवणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. ते कापड माणसाच्या अंगाला लागायच्या लायकीचं आहे हे दाखवणं, हे खरं काम. हा लेख त्या दुसऱ्या भागाला जास्त जागा देतो.

या सगळ्याची गरज का, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत भटकी कुत्री निळी पडली होती, २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. भारतानं घातक अझो रंगांवर बंदी घातली ती १९९७ साली. तरीही रंगाई म्हटली की सांडपाणी, मीठ, जड धातू हे डोळ्यांसमोर येतंच. जिवाणूंचे रंग हा सगळा प्रश्न सोडवतील असं मी म्हणणार नाही. पण थोडं कापड लागतं, किंमत जास्त असली तरी चालते आणि रंगाकडून रंगापेक्षा जास्त काही हवं असतं, अशा वैद्यकीय वापरात त्यांना खरी जागा आहे.

सुरुवात कापडापासून

बहुतेक जण उलट्या टोकानं सुरू करतात. आधी जिवाणू सापडतो, मग रंग निघतो, मग तो कशावर लावायचा हे शोधलं जातं. तुम्ही आधी एकच गोष्ट ठरवा: हे कापड कुठं लागणार आहे? धडधाकट त्वचेला, उघड्या जखमेला, की कुणाच्याच अंगाला नाही?

त्यानुसार पुढच्या चाचण्या, खर्च आणि कायद्याची पायरी ठरते. शरीरात राहणारे टाके किंवा जाळ्या यांचा विचार कॉलेजच्या पातळीवर करूच नका. जखमेला थेट टेकणारा थर हे दुसऱ्या टप्प्याचं काम. पहिल्या प्रयत्नासाठी मला तीन गोष्टी योग्य वाटतात: मधुमेही रुग्णांसाठी नायलॉनचे मोजे, ड्रेसिंग जागेवर धरून ठेवणारी वरची पट्टी आणि ड्रेसिंगच्या बाहेरच्या बाजूला लावायची पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) दाखवणारी चकती.

दोन गोष्टी मोहात पाडतात, पण टाळा. पहिली, रुग्णालयाच्या चादरी. रुग्णालयाची लाँड्री म्हणजे गरम पाणी, अल्कली असलेली पावडर आणि हायपोक्लोराइट. जिवाणूंचा कुठलाही रंग तिथं चार धुण्यांच्या पलीकडे जाईल अशी आशा धरू नका. दुसरी, डिस्पोजेबल गाऊन आणि मास्क. ते बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या नॉनवोव्हनचे असतात आणि त्या धाग्याला पाण्यातल्या रंगाशी काही देणंघेणं नसतं. रंग वरवर बसतो आणि बोटाला लागतो.

रंग आणि त्यामागचा जिवाणू

कामाचे रंग मोजकेच आहेत.

व्हायोलासीन हा निळसर जांभळा. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून जिवाणू तो बनवतात. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम आणि जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम हे त्याचे दोन प्रसिद्ध उत्पादक. यातला दुसरा सॅलॅमँडरच्या कातडीवर राहतो आणि त्याला घातक बुरशीपासून वाचवतो. हा रंग संरक्षणासाठीच घडला आहे याचा याहून चांगला पुरावा नाही. रेशीम, लोकर, नायलॉन यांवर तो छान बसतो.

प्रोडिजिओसिन हा लाल. सेराशिया मार्सेसेन्स हा त्याचा ओळखीचा उत्पादक. १८१९ मध्ये इटलीत मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग उठले, लोक घाबरले आणि बार्तोलोमेओ बिझिओ यांनी तपास करून त्यामागचा जीव शोधला, तो हाच. हा रंग पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये सहज विरघळतो, त्यामुळे नायलॉन आणि पॉलिएस्टरसारख्या धाग्यांनाही धरतो.

ॲक्टिनोऱ्होडिन हा स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा रंग. आम्लात लाल, अल्कलीत निळा. नाटसाई ऑड्री चिएझा यांनी याच जिवाणूनं रेशीम रंगवून हा विषय डिझाइनच्या जगात पोहोचवला. पीएच चकतीसाठी मला हाच सर्वांत आवडतो.

आता थोडं कठोर बोलतो. सेराशिया मार्सेसेन्स रुग्णालयात संसर्ग पसरवणारा जिवाणू आहे, विशेषतः नवजात बाळांच्या आणि अतिदक्षता विभागांत. क्रोमोबॅक्टेरियमचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर जीवघेणा ठरू शकतो. दोघंही धोका गट २ मध्ये, म्हणजे माणसाला आजार देऊ शकणाऱ्या जिवाणूंत, येतात. रुग्णालयासाठी कापड बनवताना रुग्णालयाच्याच शत्रूला लिटरच्या हिशेबानं वाढवणं मला पटत नाही. शक्य असेल तर जांभळ्यासाठी जँथिनोबॅक्टेरियम आणि लाल-निळ्यासाठी स्ट्रेप्टोमायसिस घ्या. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर प्रोडिजिओसिनच्या कुटुंबातला एक लाल रंगही बनवतो. सेराशिया घ्यायचाच असेल तर बायोसेफ्टी कॅबिनेट, प्रशिक्षित माणूस आणि मार्गदर्शकाची लेखी संमती याशिवाय हात लावू नका. हे काम घरच्या स्वयंपाकघरात कधीच करायचं नाही.

ठाण्याच्या खाडीचा चिखल किंवा आरेची माती आणून रंगीत वसाहत शोधण्याची हौस अनेकांना असते. शोध म्हणून ती छान आहे, पण कापडाच्या प्रोजेक्टचं अर्धं वर्ष त्यात जातं, आणि मिळालेला जिवाणू नक्की कोणता हे जनुकीय ओळख पटेपर्यंत कळत नाही. पुण्याच्या एनसीएलमधला एनसीआयएम संग्रह किंवा चंदीगडचा एमटीसीसी संग्रह यांच्या यादीतून ओळखीचा स्ट्रेन (जिवाणूचा वाण) मागवा. कॉलेजच्या लेटरहेडवर मागणी करावी लागते, त्यामुळे हे काम पहिल्याच आठवड्यात करा.

वाढवणं: मुंबईची हवा लक्षात ठेवून

स्ट्रेन आल्या दिवशी ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमधला राखीव साठा) करून गोठवा. सेराशिया आणि जँथिनोबॅक्टेरियम दोघांतही पुन्हा पुन्हा सबकल्चर केलं (नव्या खाद्यावर हलवलं) की पांढऱ्या, रंगहीन वसाहती उगवायला लागतात. प्लेटवरची सर्वांत गडद वसाहत निवडायची आणि रंग फिका पडतोय असं वाटलं की मूळ स्टॉककडे परत जायचं.

तापमानाकडे नीट लक्ष द्या. जँथिनोबॅक्टेरियमला २२ ते २५ अंश सेल्सिअस लागतं. मुंबईत मे महिन्यात लॅबच्या टेबलावर ते मिळणारच नाही, त्यामुळे थंड करू शकणारा बीओडी इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारं कपाट) हवा. सेराशिया २८ ते ३० अंशांना लालभडक होतो, आणि तोच ३७ अंशांना जवळजवळ पांढरा राहतो. नव्या विद्यार्थ्याला सवयीनं ३७ चा इन्क्युबेटर दिसतो आणि स्ट्रेन खराब आला असं वाटतं. स्ट्रेप्टोमायसिसला २८ ते ३० अंश आणि पाच ते सात दिवस लागतात.

साध्या न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये (जिवाणूंच्या द्रव खाद्यात) तिघंही वाढतात. रंग वाढवायचा असेल तर सेराशियासाठी पेप्टोन-ग्लिसरॉल किंवा शेंगदाण्याची पूड वापरा; शेंगदाण्यातल्या स्निग्ध आम्लांमुळे प्रोडिजिओसिन कितीतरी जास्त मिळतं हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. तेलघाण्याची शेंगदाणा पेंड हा त्याचा स्वस्त पर्याय, फक्त ती नीट गाळून घ्या, नाहीतर रंगाबरोबर तेलही येतं. व्हायोलासीनसाठी थोडं ट्रिप्टोफॅन घालून पाहा.

व्हायोलासीन बनायला ऑक्सिजन लागतो. ५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटरपेक्षा जास्त ब्रॉथ भरू नका, आणि शेकर १२० ते १५० आरपीएमवर ठेवा. रंग वाढीच्या शेवटच्या टप्प्यात येतो. चोवीस तासांनी ब्रॉथ नुसताच गढूळ दिसला म्हणून टाकून देऊ नका. ४८ ते ७२ तासांचं गणित धरा.

पावसाळ्यात बुरशी फार त्रास देते. जुलैमध्ये कापसाचे बोळे ओलसर होतात आणि फ्लास्कवर दोन दिवसांत करड्या बुरशीचे ठिपके दिसतात. त्या दिवसांत सिलिकॉनचे बूच वापरा आणि प्रत्येक बॅच सुक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पुढे नेऊ नका. भेसळ झालेल्या बॅचमधला रंग कापडावर गेला तर पुढच्या सगळ्या चाचण्या निरर्थक.

रंग बाहेर काढणं

व्हायोलासीन आणि प्रोडिजिओसिन पेशीत अडकलेले असतात, त्यामुळे ब्रॉथ नव्हे तर पेशी गोळा करायच्या. सेंट्रीफ्यूजमध्ये ८,००० ते १०,००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवा, वरचं पाणी वेगळं काढा, तळाचा गोळा एकदा सलाईननं धुऊन पुन्हा फिरवा. मग त्यात इथेनॉल घालून व्होर्टेक्स करा (यंत्रावर जोरात ढवळा), गरज वाटल्यास थोडा वेळ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या यंत्रात) धरा आणि पुन्हा फिरवा. गोळा फिका पडेपर्यंत हे दोन-तीनदा करायचं. ॲक्टिनोऱ्होडिनचा बराचसा भाग पाण्यात उतरतो. तो ब्रॉथ आम्ल करून, सॉल्व्हंटनं (रंग विरघळवणाऱ्या द्रवानं) ओढून घ्यावा लागतो.

पुष्कळ ठिकाणी मिथेनॉल वापरायला सांगितलेलं असतं. ते जास्त रंग ओढतं, पण विषारी आहे आणि कापडात थोडंही राहिलं तर वैद्यकीय वापराला अडचण. इथेनॉलच घ्या. महाराष्ट्रात ॲब्सोल्यूट अल्कोहोल (शुद्ध इथेनॉल) विकत घ्यायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, त्यामुळे कॉलेजच्या कोट्यातून किती मिळेल हे आधी स्टोअरकीपरला विचारून घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटवर काचसामान, फिल्टर पेपर, किरकोळ रसायनं सहज मिळतात, अल्कोहोल मात्र नाही.

अर्क ०.२ मायक्रॉनच्या, अल्कोहोल सहन करणाऱ्या फिल्टरमधून गाळा. इथेनॉलनं साध्या पेशी मरतात, पण स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू मरतीलच अशी खात्री नसते, म्हणून गाळणं टाळू नका. गाळलेल्या अर्काचा थेंब न्यूट्रियंट अगारवर टाकून तीन दिवस ठेवा. काहीही उगवलं नाही तरच पुढे जा. मग रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांना इथेनॉल उडवून रंग कोरडा करा, वजन करा आणि काळ्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवा. उडवलेलं इथेनॉल गोळा करून पुढच्या बॅचला वापरा. ‘शाश्वत’ हा शब्द लेबलवर लिहायचा असेल तर एवढं करायलाच हवं.

रंग तोच आहे ना, हे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग कोणता प्रकाश किती शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) पाहा. आम्ल केलेल्या इथेनॉलमध्ये प्रोडिजिओसिन ५३५ नॅनोमीटरच्या आसपास शिखर दाखवतो. व्हायोलासीनचं शिखर इथेनॉलमध्ये ५७५ च्या आसपास येतं.

आता हिशेब. समजा एका लिटर ब्रॉथमागे १०० मिलिग्रॅम रंग हाती आला. ६० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा ०.६ ग्रॅमचा असतो. कापडाच्या वजनाच्या एक टक्का रंग घ्यायचा तर ६ मिलिग्रॅम पुरतो. त्याच कापडाचा तीन चौरस मीटरचा गाऊन शिवायचा तर १.८ ग्रॅम रंग, म्हणजे अठरा लिटर ब्रॉथ. मोजे, पट्ट्या, चकत्या यांपासून सुरू करा असं मी म्हणतो, त्यामागे हा आकडा आहे.

कापड तयार करणं

मंगलदास मार्केटमधून कोरं कापड आणलं की दुकानदाराला एकच विचारा: फिनिश, सॉफ्टनर किंवा ऑप्टिकल ब्राइटनर मारलाय का? मारलेला असेल तर ते कापड घेऊ नका. निळ्या-जांभळ्या रंगाचं मोजमाप ब्राइटनरमुळे चुकतं, आणि काही फिनिश स्वतःच जिवाणू मारतात.

सुती कापडाची खळ काढा, मग लिटरला २ ग्रॅम वॉशिंग सोडा आणि १ ग्रॅम नॉनआयॉनिक डिटर्जंट घालून तासभर उकळा, भरपूर पाण्यानं धुवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो लगेच शोषला गेला पाहिजे. थेंब गोळी होऊन बसला तर पुन्हा उकळा. रेशमाचा डिंक काढलेला हवा. नायलॉनला कोमट साबणाचं पाणी पुरतं.

सुतावर हे रंग नीट बसत नाहीत. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक आपल्या रंगाऱ्यांची जुनी: आधी हिरड्याच्या काढ्यात, मग तुरटीच्या पाण्यात कापड बुडवणं. तांब्याचं मॉर्डंट (रंग धरून ठेवणारा क्षार) मात्र वैद्यकीय कापडाला नको. तांबं स्वतः जिवाणू मारतं, त्यामुळे निकाल फसवा येतो, आणि त्वचेचाही प्रश्न असतो. दुसरी वाट कायटोसॅनची. कोळंबीच्या टरफलांपासून तो बनतो, सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळतो आणि सुतावर पातळ थर धरतो, त्यावर रंग बरा चिकटतो. पण कायटोसॅनही जिवाणूरोधक आहे. हे पुढे चाचणीत लक्षात ठेवावं लागेल.

डाय बाथ

रेशमाच्या ५ ग्रॅम तुकड्यासाठी मी हे प्रमाण सुचवतो. ५० मिलिग्रॅम रंग ५ मिलिलिटर इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा. २०० मिलिलिटर पाण्यात थोडा डिस्पर्सिंग एजंट (रंगाचे कण पाण्यात पसरलेले ठेवणारं रसायन) घाला, ॲसिटिक आम्लानं पीएच ४ ते ५ वर आणा. हे पाणी ४० अंशांवर असताना रंगाचं द्रावण थेंबाथेंबानं, ढवळत सोडा. एकदम ओतलं तर रंगाचे कण गठ्ठा होऊन तळाला बसतात आणि कापडावर ठिपके उठतात.

ओलं करून पिळलेलं कापड त्यात सोडा, मिनिटाला दोन अंश या गतीनं ७० अंशांपर्यंत न्या आणि ४५ मिनिटं ते सारखं हलवत ठेवा. नायलॉनला ८० अंशांपर्यंत जाता येतं. रंग खरंच कापडावर गेला की पाण्यातच राहिला, हे बाथचं पाणी आधी आणि नंतर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तपासून काढा. त्यातून किती टक्के रंग चढला ते कळतं. मग थंड पाण्यानं खळबळा, ५० अंशांच्या सौम्य, अल्कली नसलेल्या साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा आणि सावलीत वाळवा. सावलीतच, कारण प्रोडिजिओसिन आणि व्हायोलासीन दोन्ही उजेडानं उडतात.

प्रोडिजिओसिननं रंगवलेला तुकडा घरच्या धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात घालून पाहा. गुलाबी-लाल तुकडा बघता बघता केशरीकडे झुकतो. तोच व्हिनेगरच्या पातळ पाण्यात बुडवला की पुन्हा लालीवर येतो. रंग उडाला नव्हता, रेणूचं रूप अल्कलीत बदललं होतं. मोज्यांसाठी ही अडचण आहे, कारण रुग्णाच्या घरी कुठली पावडर असेल ते आपल्या हातात नाही. चकतीसाठी मात्र हाच गुण सोन्याचा. निरोगी त्वचेचा पीएच आम्लाकडे असतो, बऱ्या न होणाऱ्या, चिघळलेल्या जखमेचा बहुधा अल्कलीकडे सरकतो. ड्रेसिंग न सोडता रंग पाहून नर्सला इशारा मिळाला तर जखम विनाकारण उघडावी लागत नाही. त्यासाठी पीएच ५ ते ९ च्या बफरमध्ये प्रत्येक अर्ध्या अंशाला एक तुकडा बुडवून रंगपट्टी तयार करा, आणि ती पट्टी ट्यूबलाइटखाली फोटो काढून नव्हे, मोजणी यंत्रावर नोंदवा.

कापडावरच जिवाणू वाढवून थेट रंगवण्याचीही पद्धत आहे. सॉल्व्हंट वाचतं, ठसे सुंदर उमटतात. पण पेशींचा सगळा गाळ धाग्यांत अडकतो. शोभेच्या कापडाला ती पद्धत वापरा, वैद्यकीय कापडाला नको.

पक्केपणा आणि जिवाणूरोधक गुण

पक्केपणाच्या चाचण्या ठरलेल्या आहेत: धुण्यासाठी आयएसओ १०५-सी०६, घासण्यासाठी एक्स१२, घामासाठी ई०४, उजेडासाठी बी०२. मोज्यांच्या बाबतीत घामाची चाचणी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच अनेकदा गाळली जाते. उजेडाच्या यंत्राची वेळ मिळेपर्यंत अर्धा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून खिडकीत ठेवा. आठवड्यात अंदाज येतो. रंगाईची आणि चाचण्यांची विद्या मुंबईत हाकेच्या अंतरावर आहे. १९२४ पासून कापसावर काम करणारी सिरकॉट, १८८७ ची व्हीजेटीआय आणि १९३३ ला विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आयसीटी या तिन्ही संस्था माटुंग्यात आहेत, घाटकोपरला बीटीआरए आणि वरळीला सस्मिरा या कापड संशोधन संस्था आहेत. मार्गदर्शकाचं पत्र घेऊन जा आणि चाचण्यांचं शुल्क आधी विचारून बजेटमध्ये धरा.

जिवाणूरोधक चाचणीत सर्वांत मोठा गैरसमज झोनचा. कापडाभोवती मोठा पारदर्शक झोन दिसला की सगळे खूश होतात. झोन मोठा म्हणजे रंग कापडातून बाहेर झिरपतोय. धाग्याला घट्ट बसलेला रंग झोन दाखवणारच नाही, तरीही त्याच्यावर बसलेले जिवाणू मरत असतील. म्हणून मोजणीची चाचणी करा, एएटीसीसी १०० किंवा आयएसओ २०७४३. ठरावीक संख्येनं जिवाणू कापडावर सोडायचे, चोवीस तासांनी किती जिवंत राहिले ते मोजायचं. मोजताना रंग निष्क्रिय करणारा न्यूट्रलायझर वापरा, नाहीतर रंग प्लेटवरही काम करत राहतो आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे तुकडे, नीट ठेवा. नुसतं कोरं कापड पुरत नाही. इथेनॉल आणि डिस्पर्सिंग एजंटच्या बाथमधून रंगाशिवाय काढलेलं कापड, हिरडा-तुरटी लावलेलं पण न रंगवलेलं कापड, कायटोसॅन लावलेलं पण न रंगवलेलं कापड, हे सगळे तुकडे त्याच दिवशी त्याच बॅचमध्ये तपासा. हिरड्याचं टॅनिन जिवाणू मारत असेल तर श्रेय हिरड्याला द्यायला हवं. शिवाय एकदा, पाचदा आणि दहादा धुतलेले तुकडेही तपासा. टक्क्यांबरोबर लॉग घटही लिहा: एक लॉग म्हणजे दहापट घट, म्हणून ९९ टक्के म्हणजे २ लॉग, आणि रुग्णालयाच्या दृष्टीनं ९० आणि ९९.९ यांत फार मोठं अंतर आहे.

निकाल वाचताना एक मर्यादा स्पष्ट लिहा. व्हायोलासीन आणि प्रोडिजिओसिन स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर चांगलं काम करतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, तिथं ते बरेच कमी पडतात. आपल्या रुग्णालयांत क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, सुडोमोनास यांचाच त्रास मोठा आहे. फक्त स्टॅफवरचा आकडा दाखवून ‘अँटिबॅक्टेरियल कापड’ म्हणणं रुग्णावर अन्याय आहे. दोन्ही गट तपासा, दोन्ही आकडे छापा.

जखमेपर्यंत जायचं असेल तर

सेराशिया, क्रोमोबॅक्टेरियम आणि जँथिनोबॅक्टेरियम तिघंही ग्रॅम-निगेटिव्ह. त्यांच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं, आणि ते रक्तात गेलं तर ताप, थंडी, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. ऑटोक्लेव्हनं (दाबाखालच्या वाफेनं) जिवाणू मरतो, एंडोटॉक्सिन नष्ट होत नाही. काचेच्या भांड्यांवरचं ते घालवायला कोरड्या हवेत २५० अंशांना अर्धा तास लागतो, आणि कापडाला ते शक्य नाही. म्हणजे एंडोटॉक्सिन रंगाच्या शुद्धीकरणातच काढायला हवं, आणि रंगलेल्या कापडाच्या अर्कावर एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करायला हवी. ‘निर्जंतुक’ हा शब्द पुरेसा नाही हे प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिहा. स्ट्रेप्टोमायसिस ग्रॅम-पॉझिटिव्ह असल्यानं हा त्रास मुळातच टळतो. त्याला पसंती देण्याचं माझं सर्वांत मोठं कारण हेच.

दुसरी गोष्ट विषारीपणाची. प्रोडिजिओसिनवर कर्करोगाच्या पेशी मारणारा रेणू म्हणून जगभर संशोधन होतं. जो रेणू पेशी मारतो तो जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही इजा करू शकतो. आयएसओ १०९९३-५ प्रमाणे कापडाचा अर्क पेशींवर घालून पाहतात, आणि जिवंत पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर तो नमुना विषारी धरतात. जिवाणू मारण्यापुरता रंग आणि पेशी वाचवण्यापुरता रंग या दोन मात्रांमधली जागा शोधणं हाच खरा शोध. ती जागा नसेल, तर तसं लिहून तो रंग जखमेपासून दूर ठेवायचा. त्यानंतर त्वचेची जळजळ आणि ॲलर्जी यांच्या चाचण्या येतात.

निर्जंतुकीकरणाची पद्धत शेवटी ठरवली तर पस्तावाल. १२१ अंशांच्या वाफेत काही रंग बदलतात, इथिलीन ऑक्साइडचे अवशेष काढावे लागतात, गॅमा किरणांनी रंग फिका पडू शकतो. गॅमासाठी मुंबईकराला लांब जावं लागत नाही. ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचा आयसोमेड प्रकल्प ट्रॉम्बेला १९७४ साली उभा राहिला, वैद्यकीय वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा देशातला पहिला. नेहमीची मात्रा २५ किलोग्रे असते. जी पद्धत वापरणार तिच्यातून गेलेल्या कापडावरच रंग, जिवाणू आणि पेशींच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा. आधीचे आकडे त्या कापडाला लागू होत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात: ड्रेसिंग, गाऊन यांसारख्या वस्तू वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतात आणि वापरातल्या जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग पडतात. कापडातून बाहेर पडून औषधासारखं काम करणारा रंग तुम्हाला वरच्या वर्गात नेतो. एथिक्स कमिटीची परवानगी असल्याशिवाय ओळखीच्या डॉक्टरांकडेसुद्धा कुणा रुग्णाच्या अंगाला तो तुकडा लावायचा नाही, आणि पुढच्या चाचण्यांसाठी सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची) परवानगी लागेल का, हे सुरुवातीलाच विचारायचं.

उरलेलं पाणी, उरलेले जिवाणू

वाढवलेला ब्रॉथ, धुतलेले गोळे, वापरलेल्या प्लेट हे सगळं लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह होतं आणि त्यातला घन कचरा मग बायोमेडिकल कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो; २०१६ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. मेलेल्या ब्रॉथलाही ऑक्सिजन खाणारं सेंद्रिय ओझं असतं, त्यामुळे दहा-वीस लिटर एकदम सिंकमध्ये ओतू नका, आधी त्याचा बीओडी (ते कुजताना किती ऑक्सिजन लागेल ते) मोजा. इथेनॉल मिसळलेलं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही, आग लागण्याचा धोका असतो. ते वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवून सॉल्व्हंट कचरा नेणाऱ्यांकडे द्यायचं. हिरडा-तुरटीच्या बाथमधलं ॲल्युमिनियम, डिस्पर्सिंग एजंट, प्रत्येक धुण्याचं पाणी, ऑटोक्लेव्ह आणि शेकर किती तास चालले, हे सगळं वहीत लिहून ठेवा. एक ग्रॅम रंगामागे किती पाणी, किती वीज, किती इथेनॉल लागलं, हे तीन आकडे प्रबंधात असतील तर पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ते कमी कसे करायचे यावर काम सुरू करता येईल.